नाव घातलेली रायफल

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मी आमच्या शाळेतल्या ड्रिलच्या सरांचं नाव घेतो. इथे ते लिहीत नाही, कारण स्वतःचं नाव कुठे आलेलं त्यांना आवडत नसे. गावात सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणत. शाळेत आणखी बारा सर होते, पण नुसतं 'सर' म्हटलं की तेच.

आमचं गाव मराठवाड्यातलं, तालुक्याचं. वडील जिनिंगमध्ये गठाणी उचलायला होते. मी आठवीत असताना सरांनी मला कॅडेट पथकात घेतलं आणि हातात रायफल दिली, रिकामी. त्यांची शिकवण्याची पद्धत अशी होती की नळीवर चार आण्याचं नाणं ठेवायचं, नेम धरायचा आणि घोडा दाबायचा. नाणं पडलं तर हात हलला. नाणं पडेनासं होईपर्यंत गोळी मिळायची नाही. मला पहिली गोळी मिळायला पाच महिने लागले.

मॅट्रिकनंतर तेच मला जिल्ह्याच्या कॉलेजात घेऊन गेले. प्रवेशाच्या फॉर्मात 'वडिलांचे शिक्षण' असा एक रकाना होता. मी तो रिकामा सोडला. सरांनी फॉर्म परत माझ्यापुढे सरकवला.

"लिही, 'नाही'. लाजायचं काय त्यात? तुझ्या पोराच्या फॉर्मात इथे बी.एस्सी. येईल."

मी बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यात पहिलाच. नेमबाजीतल्या प्रमाणपत्रांवर, खेळाडूंच्या जागेतून, मला हैदराबादला एका सरकारी कंपनीच्या आबिड्सच्या कचेरीत नोकरी लागली. लग्न झालं ते अंबरपेठेत पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी घरातल्या मुलीशी. तिथेच सासुरवाडीजवळ आम्ही घर घेतलं भाड्याने. अरुंद आणि लांबलचक घर होतं ते. मागच्या मोरीपासून पुढच्या दारापर्यंत मी टेपने मोजलं तर दहा मीटर भरले. एअर रायफलच्या नेमाचं अंतर बरोबर तेवढंच असतं. घरमालकाला अर्थात मी हे कारण सांगितलं नाही.

देशाचं आर्थिक धोरण नुकतंच बदललं होतं तेव्हाची ही गोष्ट. सर निवृत्त झाले आणि पुढच्याच महिन्यात एका सकाळी आमच्या दारात उभे राहिले. खांद्यावर सतरंजीत गुंडाळलेलं काहीतरी लांब.

"उघड," ते म्हणाले. बसलेसुद्धा नाहीत.

आत नवीकोरी एअर रायफल होती. काळीभोर, चकचकीत, वर दुर्बीण बसवलेली.

"नव्या जमान्याचा माल आहे. परदेशी तंत्रज्ञान! दुकानदार म्हणाला, सर, जिल्ह्यात ही पहिलीच. आता असं इकडे बघ."

त्यांनी रायफल फिरवली. दुर्बिणीच्या खाली, जाड नळकांड्यावर, टिंबाटिंबांनी कोरलेलं माझं नाव होतं. माझं, वडिलांचं, आडनाव, पुढे 'बी.एस्सी.' आणि त्याखाली 'सप्रेम भेट'. लग्नात दिलेल्या स्टीलच्या भांड्यांवर घालतात तसंच. देणाऱ्याचं नाव मात्र कुठेही नव्हतं.

"भांडेबाजारातल्या म्हाताऱ्याकडून घालून घेतलं. तो कुरकुरत होता, सर, लोखंड कडक आहे, उठत नाही. म्हटलं, घाव मोठा घाल. तीन-तीनदा गिरवलं त्यानं. आता शंभर वर्षं पुसत नाही बघ!"

मी वाकून पाया पडलो. डोळे भरून आले होते. त्यात खोटं काही नव्हतं.

सर गेल्यावर बायको हळूच म्हणाली, "लाडवाच्या डब्यासारखी दिसायलीय हो."

स्पर्धेत दुर्बीण चालत नाही, म्हणून मी ती काढून ठेवली आणि साध्या नेमाने सराव सुरू केला. समोरच्या दाराशी पत्र्याचा डबा, त्यात जुन्या गोधड्यांच्या चिंध्या ठासलेल्या, त्यावर निशाणाचा कागद. दाराला आतून कडी. मी मोरीपाशी उभा. नेम धरला की बायको पोळी लाटायची थांबे, कारण लाटण्याची खटखट मला चालत नसे. पहिल्या दिवशी दहा छर्रे मारले आणि कागद पाहिला. पोहे सांडल्यासारखी भोकं पडली होती. एकीकडे पडली असती तर नेम सरकवता आला असता. इथे एक वर, एक खाली, एक काळ्या वर्तुळाच्या पार बाहेर.

मी ठरवलं, हात बसायला वेळ लागेल. महिना गेला. हात बसला नाही.

तेवढ्यात सरांचं अंतर्देशीय पत्र आलं. 'नव्या रायफलीचा एक कागद पाठव. पोरांना दाखवायचा आहे.' निवृत्त झाले तरी ते रोज सकाळी पथकाची कवायत घेतच होते.

आमच्या कचेरीच्या क्लबात एक चांगली रायफल होती. मी तिच्यावर एक कागद मारला, सगळे छर्रे मधल्या दोन वर्तुळांत, आणि तो सरांना पाठवून दिला. कागदाखाली लिहिलं, 'आपण दिलेल्या रायफलीवर.' हे मी सरांशी बोललेलं पहिलं खोटं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. सरांनी तो कागद चौकटीत घालून पथकाच्या खोलीत लावला होता. माझी पत्रं ते मैदानावर पोरांना मोठ्याने वाचून दाखवत. त्या पत्राला मी उत्तर लिहिलं आणि त्यात पुन्हा तेच लिहावं लागलं, की रायफल उत्तम चालते आहे. मग प्रत्येक पत्रात तेच. एक खोटं पोस्टात टाकलं की दुसरं लिहायची वेळ आलेली असे.

मग कचेरीत खर्चकपात आली. पहिला घाव क्लबावर. रायफली मोजून कोठारात गेल्या, कोठाराला कुलूप लागलं. आम्हा खेळाडूंच्या जागेवर लागलेल्या सहा जणांना साहेबांनी बोलावलं.

"आता जमाना बदलला. कंपनी कुणाला पोसणार नाही," ते म्हणाले. "आपापलं सामान आणा, दसऱ्यानंतर निवडचाचणी आहे, संघात या. नाही आलात तर डेपोत माणसं कमीच आहेत."

डेपो म्हणजे राज्याच्या दुसऱ्या टोकाला, समुद्राजवळ. आमच्यातला एक कबड्डीवाला बाहेर आल्यावर म्हणाला, "तुझं बरं आहे बाबा, तुझ्याकडे स्वतःची रायफल आहे. वर नावसुद्धा घातलंय!" सगळे हसले. मीही हसलो.

त्यानंतरच्या तीन महिन्यांतलं आमचं घर आठवलं की अजून श्वास अडकतो. दाराला कडी, खिडक्या बंद, पंखा बंद, कारण वाऱ्याने कागद हलतो. मोरीपासून दारापर्यंतचा तो बोगदा. सकाळी कचेरीच्या आधी तीस छर्रे, संध्याकाळी आल्यावर चाळीस. रायफल टांगायची खुंटी जेवणाच्या जागेसमोर होती. घास घेताना नाव दिसे. स्वतःचं नाव इतक्या वेळा वाचायची पाळी कुणावर येऊ नये.

दोष रायफलीचा असेल, हे माझ्या मनात येत नव्हतं असं नाही. पण येताच मी ते बाजूला सारी. ज्या माणसामुळे मी खुर्चीवर बसून पगार घेतो, त्याने दिलेल्या वस्तूत खोट काढायची? मी डोळे तपासून घेतले. चहा सोडला. चिक्कडपल्लीच्या एका गुरुजींकडे जाऊन श्वासाचे प्रकार शिकलो. शेवटी आठवीतल्यासारखं नळीवर नाणं ठेवून सराव केला. नाणं पडत नव्हतं आणि छर्रा लागत नव्हता.

एका रविवारी बायकोने लाटणं खाली ठेवलं. "किती परेशान व्हायचं ते? नाणं पडतंय का?"

"नाही."

"म्हणजे हात ठीक. डोळे डॉक्टरने ठीक सांगितले. मग राहिलं कोण?"

"गप्प बस."

"मी कुठे बोलले? नाणं बोललं."

मी चिडून रायफल खुंटीला लावली. संध्याकाळी तीच म्हणाली, "माझी मशीन दुरुस्त करतात ना ते चाचा, ते आधी बंदुकांच्या दुकानात होते. नुसतं दाखवून तर या. दाखवलं तर पाप लागत नाही."

चाचांचं दुकान आबिड्सच्या मागच्या एका गल्लीत होतं, दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. पोटासाठी शिलाई मशीन दुरुस्त करायचे. पण भिंतीवर कानशी, रंधे आणि बारीक पेचकस टांगलेले होते, ते मशीनचे नव्हते. चाचा सत्तरीचे असतील. त्यांनी रायफल हातात घेतली आणि आधी नावावरून अंगठा फिरवला.

"ये क्या लिखे इसपे?"

"मेरा नाम है, चाचा."

"इत्ता लंबा? पूरे खानदान का है क्या?"

"बाप का भी है. और डिग्री."

"कौन डाले?"

"मेरे उस्ताद. बर्तन बाजार में डलवाए."

चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्यांनी रायफल खोलायला घेतली. दस्ता निघाला, स्प्रिंग निघाली, दट्टा निघाला. दट्ट्याच्या तोंडाला चामड्याची चकती असते, ती हवा दाबते आणि त्या हवेने छर्रा सुटतो. ती चकती कडेने उंदराने कुरतडल्यासारखी झाली होती. चाचांनी रिकामं नळकांडं माझ्यापुढे धरलं.

"उंगली डाल के देखो. क्या लगरा?"

मी बोट आत घातलं. गुळगुळीत लोखंड, आणि मग एकदम बारीक बारीक दाणे. घामोळ्यासारखे. मी बोट पुढे सरकवलं. दाण्यांच्या ओळी होत्या. आडव्या, उभ्या, गोल. ते माझं नाव होतं, आतून, उलटं. घाव मोठा घाल, असं सर म्हणाले होते. घाव आरपार उठला होता. दर वेळी दट्टा त्या अक्षरांवरून घासत जाई, थोडी हवा निसटे, आणि दर वेळी वेगळी निसटे.

"मारनेवाला दिल लगा के मारा, मियाँ," चाचा म्हणाले.

मला हसू येईना. मी विचारलं, दुरुस्त होईल का? नळकांडं नवं घालावं लागेल, ते म्हणाले, आणि या नव्या मॉडेलचे पुर्जे कंपनी देत नाही. नळकांड्याच्या जागी साध्या लोखंडी नळीचा तुकडा कापून बसवता येईल, पण मग कागदावर मारायच्या कामाची राहणार नाही.

मग त्यांनी शिलाई मशीनच्या मागून कापडात बांधलेली एक जुनी रायफल काढली. शहरातल्या एका डॉक्टरीणबाईंची. तरुणपणी त्या स्पर्धांत उतरत. आता हात कापतो, ती जड रायफल उचलत नाही. शहराबाहेर त्यांची आमराई आहे आणि माकडांनी जीव नको केलाय. त्यांना व्हरांड्यात बसून उडवता येईल असं हलकं, दुर्बिणीचं काहीतरी हवं आहे. "बेचना नक्को बोले. जो कागज पे मारता उसकू बदली में देव, बोले. आपकी उनकू, उनकी आपकू. मैं सादी नली डाल के देतौं. उनकू आवाज होना बस." म्हणजे माकडं पळण्यापुरता आवाज निघाला की बाईंचं काम झालं.

"पर मेरी तो नई है," मी म्हणालो. माझ्याच कानाला ते कसंतरी ऐकू आलं.

"हौ, नई है," चाचा म्हणाले आणि जुनी रायफल माझ्या मांडीवर ठेवली.

मी विज्ञान शिकलेला माणूस, पण कारागिरी म्हणजे काय ते मला त्या जिन्याखाली कळलं. रायफल जर्मन होती, माझ्या वयाहून थोडी मोठी. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, गाल टेकायच्या जागी फिकट झालेला. तिथे बाईंनी स्वतः कानशीने थोडं खोलगट केलं होतं, आणि तो खोलगटपणा माझ्या गालालाही बसला. चाचांनी माझ्यासाठी तीही खोलून दाखवली. आत एकाऐवजी दोन दट्टे होते, पाठीला पाठ लावून. एक पुढे धावतो तेव्हा दुसरा मागे धावतो, एकाचा धक्का दुसरा खातो, आणि खांद्याला काहीच कळत नाही. हे कुणीतरी बसून विचार करून काढलं होतं. आतल्या ज्या भागांवर वर्षानुवर्षं कुणाचा डोळा पडणार नाही, तेही बाहेरच्याइतकेच घासून तकतकीत केलेले. बाहेरच्या प्रत्येक स्क्रूची खाच नळीच्या दिशेने, एकही तिरपी नाही. घोडा दाबला तर दुधावरची साय बोटाने सारावी इतकाच विरोध. बनवणाऱ्याचं नाव मी शोधत राहिलो. दस्ता काढल्यावर, लाकडाखाली झाकल्या जाणाऱ्या जागी, मुगाच्या दाण्याएवढी दोन अक्षरं होती.

"आठ दिन ले जाओ," चाचा म्हणाले. "मार के देखो."

घरी मी पाच छर्रे मारले. बायको दाराशी जाऊन कागद घेऊन आली आणि म्हणाली, "एकच लागला. बाकी चार कुठे गेले?" एकच भोक होतं, किंचित फाटलेलं. पाचही त्यातून गेले होते.

मला आनंद व्हायला हवा होता. मी मोरीपाशी तसाच उभा राहिलो. तीन महिने वाटत होतं की दोष माझ्यात आहे, म्हणजे निदान सरांमध्ये तरी नाही. आता तीही सोय उरली नव्हती.

आठव्या दिवशी अदलाबदल झाली. चाचांनी सरांच्या रायफलीतलं नळकांडं काढून साधं घातलं, दुर्बीण चढवली आणि माझ्या देखत कापडात बांधली. नाव घातलेलं नळकांडं त्यांनी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिलं. "ये आपका है," म्हणाले.

आणि त्याच आठवड्यात सरांचं पत्र आलं. ते हैदराबादला येणार होते. 'या वर्षीची खंडेनवमी तुझ्याकडे. रायफलीची पूजा मीच करणार. मग चाचणीला तुझ्यासोबत येईन. आपली रायफल हैदराबादेत कशी चालते ते या डोळ्यांनी पाहायचं आहे.'

खंडेनवमीला आमच्या शाळेत सर पथकाच्या रायफली ओळीने मांडून त्यांना हळदकुंकू वाहत, झेंडूची फुलं वाहत. त्या दिवशी कुणी शस्त्र हलवायचं नाही, असा त्यांचा नियम. आणि माझ्या खुंटीवर दुसऱ्याच कुणाची तरी रायफल होती.

"पॉलिशला दिलीय म्हणून सांगा," बायको म्हणाली. मग माझं तोंड बघून म्हणाली, "नक्को, सांगू नका. तुम्हाला जमणार नाही. जमतं तेवढं लिहून झालंय तुमचं."

तरी मी लिहून पाहिलं. एका पत्रात रायफल चोरीला गेली. दुसऱ्यात चाचणीच रद्द झाली. तिसऱ्यात बायकोच्या माहेरी सुतक पडलं, म्हणून यंदा पूजा नाही. ते तिसरं तिने वाचलं आणि चुलीत घातलं. सरांच्या निघायला नऊ दिवस उरले होते. पत्र पोचायला चार लागत. कचेरीला निघण्याआधी, रायफलीच्या खुंटीसमोर बसून, मी हे लिहिलं आणि जाताना आबिड्सच्या पोस्टात टाकलं. त्याची कच्ची प्रत माझ्याजवळ आहे. ती इथे उतरवतो.

आदरणीय सर,

हे पत्र कृपा करून मैदानावर वाचून दाखवू नका. एकट्याने वाचा.

चौकटीतला तो कागद आपल्या रायफलीवरचा नाही. कचेरीच्या रायफलीवरचा आहे. मी आपल्याशी खोटं बोललो आणि नंतर सहा पत्रांत तेच बोलत राहिलो. तो कागद आजच उतरवून ठेवा. पोरांना काय सांगायचं ते आपण ठरवा. खरं सांगितलंत तरी माझी तक्रार नाही.

आपण दिलेली रायफल पहिल्या दिवसापासून लागत नव्हती. मला वाटलं मीच बिघडलो. आपल्या पद्धतीने नळीवर नाणं ठेवून पाहिलं. सर, नाणं पडत नाही. अजूनही पडत नाही. मग एका जाणत्या कारागिराला दाखवली. आपण नाव घालायला सांगितलंत तेव्हा म्हाताऱ्याने मोठा घाव घातला, तो आतून उठला आहे. दट्टा त्याला घासत होता. हे लिहायला मला तीन महिने लागले. आपल्याला दोष द्यायचा नाही. माझ्या नावापुढे बी.एस्सी. लिहावं असं दुसऱ्या कुणालाही वाटलं नसतं.

ती रायफल मी बदलून टाकली आहे. आपल्याला न विचारता. तिच्या बदल्यात एक जुनी घेतली, तीसेक वर्षांची असेल. लोक हसतात की नवी देऊन जुनी आणली. आपण हसणार नाही असं वाटतं. तिच्या स्क्रूंच्या खाचा सगळ्या एका दिशेने आहेत, आपण पथक उभं करत होता तशा. आपली रायफल आता एका बाईंच्या आमराईत माकडं हाकलते. बाई तिला पुसून कपाटात ठेवतात असं कळलं.

नाव घातलेलं नळकांडं मात्र मी दिलेलं नाही. ते घरात आहे.

हे वाचून आपण येणार नाही असं ठरवलंत तर मला समजेल. मी दुसरं काही मागू शकत नाही. आलात तर सकाळच्या बसने या, मी उतरायच्या जागी उभा असेन. झेंडू आणि हळदकुंकू आणून ठेवतो. पाटावर काय मांडायचं, जुनी रायफल की नळकांडं की काहीच नाही, ते आपण सांगाल तसं. तोवर मी पाट रिकामा ठेवतो.

चाचणी दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी आहे.

आपण शिकवलेला,
मी